उसनी ऊब, राखलेले पाणी : वरणगाव परिसरातील सरपटणारे प्राणी

मे महिन्यात खान्देशातल्या वरणगावच्या शिवारात दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कपाशी उपटून मोकळ्या पडलेल्या काळ्या रानाचा वरचा थर त्याहूनही कितीतरी अधिक तापलेला असतो. त्या वेळी बांधावर सरडा दिसत नाही, घोरपड दिसत नाही, सापाचा तर प्रश्नच नाही. उन्हातले प्राणी म्हणून ज्यांची ओळख, ते कडक उन्हात नेमके गायब असतात. शरीराचे तापमान ४० ते ४२ अंशांच्या पलीकडे गेले की त्यांच्यापैकी बहुतेकांचा जीव धोक्यात येतो, आणि तापलेल्या ढेकळांवर अडकून पडलेली धामणसुद्धा फार वेळ तग धरत नाही. म्हणून सकाळी बाभळीच्या खोडावर उन्हाला येऊन बसलेला सरडा ऊन चढू लागले की खोडाच्या सावलीच्या बाजूला सरकतो, माध्यान्ही फटीत किंवा दाट पाल्यात शिरतो आणि दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर येतो. त्याचा सारा दिवस असा ऊन-सावलीत ये-जा करण्यात जातो.

शालेय पुस्तकांत या प्राण्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हटले जाते. शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. सकाळी दहाला कुंपणावर बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतकेच गरम असू शकते. फरक आहे तो ऊब कुठून येते याचा. सस्तन प्राणी आणि पक्षी अन्न जाळून ऊब शरीराच्या आतच तयार करतात. सरपटणारे प्राणी ती ऊन, दगड, माती यांच्याकडून उसनी घेतात. ही उसनवारी स्वस्त पडते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितकी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहाव्या हिश्शात सरपटणाऱ्या प्राण्याचे भागते. उंदराला रोज खावे लागते. असे दोन-तीन उंदीर मिळाले की धामणीचा आठवडा निघतो, आणि अजगर एका मोठ्या भक्ष्यावर काही महिने काढू शकतो. उसनवारीची किंमत थंडीत चुकवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी पहाटेचा पारा कधी १० अंशांच्याही खाली येतो. तेव्हा साप बिळात सुस्त पडून राहतात. गारठ्यात त्यांना अन्न पचवणेही जमत नाही, त्यामुळे पोटातले भक्ष्य कुजण्याचा धोका असतो. अशा दिवसांत न खाणेच त्यांच्या हिताचे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजेच सरीसृपांच्या, आजवर १२,००० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचे चार गट : सरडे-पाली-साप, कासवे, मगरी आणि न्यूझीलंडमध्ये एकटाच उरलेला तुआतारा. यांपैकी पहिला गट एवढा मोठा आहे की ९५ टक्क्यांहून अधिक जाती त्यातच येतात. साप म्हणजे पाय गमावलेल्या सरड्यांचीच एक शाखा. अजगराच्या अवस्करद्वाराशेजारी मागच्या पायांचे अवशेष नखीच्या रूपाने आजही दिसतात. वरणगावच्या परिसरात रोज गाठ पडते ती साप, सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी आणि कासवांशी.

या साऱ्या कुळाचा पाया एका अंड्यात आहे. बेडकाचे अंडे पाण्याबाहेर लवकर सुकते. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी काही चतुष्पाद प्राण्यांच्या अंड्यांना आवरणे आली. बाहेर चिवट किंवा कठीण कवच, आत भ्रूणाभोवती पाण्याची पिशवी म्हणजे उल्ब, अन्नासाठी बलक, श्वसनासाठी आणि उत्सर्ग साठवण्यासाठी वेगळी पटले. डबक्यातले पाणी जणू अंड्यातच कोंडले गेले. त्यानंतर अंडी घालायला नदीकाठ किंवा तळे शोधण्याची गरज उरली नाही. उंदराचे बीळ, पालापाचोळ्याचा ढीग, उकिरडा, काहीही चालू लागले. कोरडी जमीन पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती येथून.

खान्देशचा तळ ज्या काळ्या कातळाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी बनला. वरणगावच्या आसपास त्यावर तापी आणि पूर्णेच्या गाळाचा जाड थर आहे. लाव्ह्याच्या त्या काळात येथील भूमीवर महाकाय सरीसृप वावरत होते याचे पुरावे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव येथे मिळाले. डोंगरगावच्या हाडांवरून वर्णन केलेला लांब मानेचा डायनोसॉर आज ‘आयसिसॉरस’ या नावाने ओळखला जातो. याहून बोलका नमुना गुजरातेतल्या धोली डुंगरीचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात तेथे डायनोसॉरच्या अंड्यांचे घरटे सापडले. अंड्यांजवळची हाडे आधी डायनोसॉरच्या पिल्लाची मानली गेली. पुढे त्यांतले काही मणके सापाचे असल्याचे ओळखू आले आणि २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. साडेतीन मीटरांचा हा साप नुकत्याच फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला असतानाच गाळाखाली गाडला गेला. नवजात पिल्लू हे त्याचे भक्ष्य असावे. डायनोसॉर गेले, पिल्ले आणि अंडी खाणाऱ्या सापांचा वंश मात्र चालू आहे.

अंड्याने पाणी राखले तसे कातडीनेही राखले. सरपटणाऱ्या प्राण्यांची त्वचा केराटिनच्या खवल्यांनी मढलेली असते आणि तिच्यातल्या स्निग्ध थरांमुळे आतला ओलावा सहजी बाहेर पडत नाही. हे आवरण शरीराबरोबर वाढत नाही, म्हणून कात टाकावी लागते. भाषेने कात टाकण्याला नव्या उमेदीचा अर्थ दिला असला तरी सापाच्या दृष्टीने तो आंगरखा तोकडा पडल्याचा प्रकार आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. कात टाकण्यापूर्वी तो दुधाळ होतो, साप जवळजवळ आंधळा असतो आणि नेहमीपेक्षा चिडखोर. मूत्रपिंडाचे कामही याच काटकसरीने चालते. सस्तन प्राणी युरिया पाण्यात विरघळवून टाकतात. साप, सरडे आणि पाली युरिक आम्ल पांढऱ्या लगद्याच्या रूपात टाकतात. भिंतीवर पालीच्या काळ्या लेंडीच्या टोकाला जो पांढरा ठिपका असतो, तेच हे पाणी वाचवलेले मूत्र.

पाण्याच्या या हिशेबात फुरसे सर्वांच्या पुढे आहे. घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर थोडी वाफ बाहेर जाते. फुरसे जेमतेम हातभर लांबीचे, खडकाळ आणि रखरखीत माळावर राहणारे. त्याच्या कुशीवरचे खवले तिरपे आणि करवतीसारखे दाते असलेले असतात. इंग्रजी आठाच्या आकारात अंग घासून ते करकर असा आवाज काढते. इशारा पोचतो आणि श्वासातला ओलावा खर्ची पडत नाही. या आवाजाचे हेच कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

काळी माती हा खान्देशातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा सर्वांत मोठा आसरा. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी ही माती एप्रिलपर्यंत हात-दोन हात खोल भेगाळते. वर होरपळ असताना भेगेच्या तळाशी तापमान बरेच कमी आणि दिवसरात्र जवळपास सारखे असते. साप, सरडे, उंदीर, विंचू असे सारे त्या भेगांत उतरतात. घर तेच, शिकार तीच. पहिल्या दमदार पावसाने भेगा मिटू लागल्या की आतले सारे एकदम बाहेर पडते, आणि पेरणीच्या दिवसांत साप ‘वाढल्यासारखे’ वाटतात. नाले-डबक्यांतले मऊ पाठीचे कासव निराळी वाट काढते. पाणी आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहते. त्याच्या पोटाकडच्या बाजूला मागे कातड्याच्या झडपा असतात. पाय आत ओढले की त्या मिटतात. अंड्यांचेही तसेच. ती घातल्यावर भ्रूणाची वाढ लगेच सुरू होत नाही, मध्येच थांबून राहते, आणि पिल्ले बाहेर पडतात ती बऱ्याचदा पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास.

एकूणच वीण पावसाला बांधलेली आहे. नागीण उन्हाळ्यात उंदराच्या बिळात डझन-दोन डझन अंडी घालते आणि बहुधा जवळ राहून त्यांची राखण करते. साधारण दोन महिन्यांनी पिल्ले निघतात, तेव्हा बेडूक आणि उंदरांची पिल्ले मुबलक असतात. दिवड पाण्याजवळ राहते आणि एका वेळी कित्येक डझन अंडी देते. घोणस, फुरसे आणि मांडूळ अंडी घालतच नाहीत. ती पोटातच उबवली जातात आणि जिवंत पिल्ले जन्मतात. घोणशीची पिल्ले एका वेळी वीस-तीस तर सहज असतात, साठाहून अधिकचीही नोंद आहे. जन्मल्या क्षणापासून त्यांच्या दातांत विष असते. सातपुड्यातल्या अजगराची मादी याहून चमत्कारिक. अंड्यांभोवती वेटोळे घालून ती स्नायूंना सतत आचके देते आणि त्या श्रमातून ऊब निर्माण करते. उसन्या उबेवर जगणाऱ्या कुळातली ही मोजक्या अपवादांपैकी एक. मगरीच्या बाबतीत तर अंड्याभोवतीचे तापमान पिल्लाचे लिंग ठरवते : ३२.५ अंशांच्या आसपास नर अधिक, त्याहून बरेच कमी किंवा जास्त असेल तर माद्या. या सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे वाळा. कुंडीतली माती उकरताना गांडूळ समजून टाकून दिला जाणारा हा चकचकीत, वीतभर साप मुंग्या-वाळवीची अंडी खातो. त्याच्या एका जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवायच अंडी घालतात. एक मादी मातीच्या कुंडीतून दुसऱ्या खंडात पोचली तरी वंश सुरू होतो, आणि नेमके तसेच घडून हा साप जगभर पसरला आहे.

सापाच्या खाण्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे की तो जबडा निखळवतो. प्रत्यक्षात त्याच्या खालच्या जबड्याची दोन्ही हाडे हनुवटीपाशी जोडलेलीच नसतात. ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाने ती धरून ठेवलेली असतात. डावी आणि उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकवत साप भक्ष्यावर स्वतःला ओढून चढवतो. पाय नाहीत, चावणे-तोडणे नाही, म्हणून एवढी यंत्रणा. मोठे भक्ष्य गिळल्यावर शरीराला एकदम कामाला लागावे लागते. ब्रह्मदेशी अजगरावरील प्रयोगांत जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. पचन संपले की ते पूर्ववत होते. न लागणारे अवयवही मिटवून ठेवायचे, इतकी ही काटकसर.

शोध घेण्याचे काम जीभ आणि जमीन यांच्यावर असते. दुभंगलेली जीभ हवेतले गंधकण टिपते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. दोन टोकांवरच्या गंधाच्या फरकावरून वास कोणत्या बाजूने येतो ते कळते. घोरपडीची जीभही तशीच. बाहेरचा कान सापाला नसतो, पण तो पूर्ण बहिरा नाही. जमिनीची कंपने आणि हवेतले काही खर्जातले आवाज त्याच्या आतल्या कानापर्यंत जातात. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून डोलतो. दुधाचेही तसेच. नागपंचमीला त्याच्यापुढे ठेवलेले दूध त्याचे अन्न नाही, आणि उपाशी-तहानलेल्या सापाला ते पाजणे त्याच्या जिवावर बेतते.

विष म्हणजे बदललेली लाळ. मुळात भक्ष्य लवकर निपचित करण्याचे आणि काही अंशी पचवण्याचे साधन. ते तयार करायला ऊर्जा लागते, त्यामुळे माणसावर ते खर्च करण्याची सापाला हौस नसते. भारतात सर्पदंशाच्या बहुतांश मृत्यूंना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघे जबाबदार धरले जातात, आणि खान्देशात हे चारही आहेत. नाग आणि मण्यारीचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करते : पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. घोणस आणि फुरशाचे विष रक्त गोठण्याची व्यवस्था मोडते. घोणशीचे मूत्रपिंडालाही गाठते. मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री फिरते, भुईवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, दंश फारसा दुखत नाही, खुणा नीट दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ आणि डोळे मिटणे यांवरूनच संशय घ्यावा लागतो. तिच्याशी गल्लत होते ती बिनविषारी कवड्याची. मण्यार निळसर काळी, पांढऱ्या बारीक पट्ट्या बहुधा जोडीने, मानेमागे थोड्या अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे अधिक ठळक. पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मोठे, षटकोनी. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरणारे. हा फरक विजेरीच्या उजेडात घाईने पाहून ठरवण्याचा नाही.

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८,०००, आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. उपाय एकच आहे, प्रतिविष. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते मिळवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. भारतात मिळणारे प्रतिविष चारही सापांवर एकत्रित चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. दंश झालेला अवयव न हलवता, न कापता, न आवळता रुग्णाला थेट रुग्णालयात नेणे एवढेच करायचे असते. मांत्रिकाकडे जाणारा प्रत्येक तास विषाच्या बाजूने मोजला जातो.

विष नसलेल्या बाकीच्यांचा बचाव निराळ्या युक्त्यांवर चालतो. पालीच्या शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात; तुटलेला तुकडा वळवळत शत्रूला गुंतवतो, पाल निसटते, आणि नव्याने येणाऱ्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. मांडूळ शेपटी डोक्यासारखी वर करते. याच बोथट शेपटीमुळे ‘दुतोंड्या’ हे नाव त्याला चिकटले आणि गुप्तधनाच्या भाकडकथांपायी त्याची चोरटी विक्री होऊ लागली. घोयरा सरड्याचे डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि जीभ अंगापेक्षाही लांब झेपावते. माळावरचा पंखा-सरडा नर विणीच्या दिवसांत गळ्याची निळी-काळी-नारिंगी झालर उघडून दगडावर उभा राहतो. या सरड्यांपैकी काहींसाठी २०१६ मध्ये जी नवी प्रजाती मांडली गेली, तिचे शास्त्रीय नाव ‘सरडा’ असे सरळ मराठीतूनच घेतले आहे. घोरपडीची नखे आणि पकड यांच्याभोवती तिला दोर बांधून कडा चढल्याची सिंहगडाची दंतकथा गुंफली गेली; माणसाचे वजन पेलणारी घोरपड मात्र कुठल्याही शास्त्रीय नोंदीत नाही.

गेल्या काही दशकांत या प्राण्यांचे रान बदलले आहे. तापीवरील हतनूर धरणाचे पाणी पूर्णेच्या संगमापर्यंत, चांगदेव गावापर्यंत पसरते आणि काठाला वर्षभर ओल राहते. त्यामुळे दिवड आणि कासवांचे फावले. भुसावळ, रावेर, यावल या तालुक्यांत केळीच्या बागा वाढल्या. ठिबकने भिजलेली माती, वाळलेल्या पानांचा खच आणि बागेतला गारवा यांमुळे बेडूक, उंदीर आणि त्यांच्यामागून घोणस, मण्यार, धामण भर उन्हाळ्यातही तिथे टिकून असतात. पूर्वी भेगांत दडून काढावा लागणारा वैशाख आता बागेत निभतो. पण शेतीपंपांना वीज बऱ्याचदा रात्री मिळते, आणि पाणी फिरवायला माणूस नेमका मण्यारीच्या वेळेला अनवाणी पायांनी बागेत उतरतो. घोणस पाचोळ्यात निपचित पडून राहते, रंगाने पाचोळ्यात मिसळलेली. पाय तिच्यावर पडल्याखेरीज ती बहुधा हलत नाही.

वरणगावाजवळून जाणारा धुळे-नागपूर महामार्ग ही आणखी एक नवी जमीन. दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ ऊब धरून ठेवते. भोवतीचे रान निवू लागले की साप त्या उबेकडे येतात आणि रस्त्यावर पसरून पडतात. लाखो वर्षे तापलेल्या दगडाने हेच दिले होते, आणि दगडावरून ट्रक जात नव्हता. महामार्ग रुंद झाल्याने ओलांडायचे अंतरही वाढले आहे. धामण ते काही सेकंदांत पार करते. घोणशीला एवढी घाई कधीच जमत नाही.